मंग काय व्हयनं?

त्या अकरा ओळी मी तपासल्या होत्या. लाल शाईचे सतरा गोल मी स्वतः मोजले, खाली आकडा टाकला आणि शेरा दिला, 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.' विषय होता 'माझी आई'. चौथीतल्या त्या मुलाने पहिली ओळ लिहिली होती, 'मन्ही माय सुरतले ऱ्हास.' ती खोडून मी वर सुबक अक्षरात लिहिलं, 'माझी आई सुरतला राहते.' पुढे होतं, 'ती दिवाईले येस. मंग जास.' तिथे 'दिवाई'भोवती गोल केला, शेजारी 'दिवाळी' लिहिलं आणि पुढची वही ओढली. आई सुरतला का, मग हा कुणाजवळ राहतो, दिवाळी झाल्यावर ती निघते तेव्हा घरात काय होतं, यातलं काहीच माझ्या मनात आलं नाही. अजून बावीस वह्या उरल्या होत्या.

ही २००३ सालची गोष्ट. मुलांबरोबर लिहिण्याचं जे थोडंफार आज मला जमतं, त्याची सुरुवात त्या वहीपासून आणि एका बाईंपासून झाली. त्या आमच्या शाळेत खिचडी शिजवायच्या. सगळं गाव त्यांना मावशी म्हणायचं, मीही म्हणायचो. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचं देणं माझ्याच्याने फिटायचं नाही. ते निदान नीट सांगावं, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

मी सांगली जिल्ह्यातला. २००१ मध्ये शिक्षणसेवक म्हणून जळगाव जिल्ह्यात, अमळनेर तालुक्यातल्या बोरीकाठच्या एका दोनशिक्षकी शाळेत लागलो. महिन्याला तीन हजार मानधन, मुदत तीन वर्षांची. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, माझ्याकडे. गावात घरोघर अहिराणी. तिची मला कसलीच ओळख नव्हती. बिघडलेली मराठी एवढंच मी तिला समजत होतो. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, डोळ्याला 'डोया' म्हणतात, हा त्या बोलीचा नियम आहे, तिला स्वतःचं व्याकरण आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नाही. खरं तर मला आधी कळायला हवं होतं. माझी आई घरी 'लई', 'न्हाई', 'कुटं' असंच बोलायची. डी.एड.ला गेल्यावर वर्गात कुणीतरी हसलं आणि दोन महिन्यांत मी ते शब्द जिभेवरून काढून टाकले. सुट्टीत घरी गेल्यावर आईशीही पुस्तकासारखा बोलायला लागलो. तेव्हा आई गप्प गप्प राहू लागली. त्याचा अर्थ मी फार उशिरा लावला.

निबंध मी जसा शिकलो तसाच शिकवत होतो. विषय फळ्यावर लिहायचा, खाली आठ-दहा वाक्यं द्यायची, मुलांनी ती उतरवून घ्यायची, पाठ करायची आणि परीक्षेत लिहायची. 'माझा आवडता प्राणी' म्हटलं की तेवीसच्या तेवीस वह्यांत एकच गाय असायची, तिला चार पाय, दोन शिंगं आणि एक शेपूट. ज्या मुलांच्या दारात शेळ्या होत्या, ज्यांनी पहाटे उठून वासरू ओढायला मदत केली होती, त्यांच्याही वहीत तीच गाय. वह्या नेटक्या दिसायच्या आणि मला त्याचं समाधान होतं. 'माझी आई' हा विषय मात्र त्या दिवशी फळ्यावर वाक्यं न देता लिहायला सांगितला होता, कारण डोकं दुखत होतं. म्हणजे त्या मुलाने लिहिलेल्या अकरा ओळीही माझ्या शिकवण्यातून आल्या नव्हत्या. मी फळ्यापासून दूर राहिलो, म्हणून आल्या होत्या.

त्यानंतर तो मुलगा स्वतःचं एक अक्षर लिहीना. फळ्यावरचं दुसऱ्या वहीत उतरवून घ्यायचा, चुका कमी व्हायच्या. सुधारला, असं मी मनाशी म्हटलं.

शाळांमधून पूर्वी मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी द्यायचे. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजवलेलं अन्न देणं आलं, आणि आमच्या शाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मावशींची चूल पेटली. सरपण म्हणून पऱ्हाट्या. त्यांचे पैसे फार थोडे होते आणि तेही वेळेवर यायचे नाहीत. दरमहा हजार रुपये ठरले ते पुढे, २००९ च्या शेवटी. खिचडी शिजेपर्यंत जी मुलं शेडभोवती घोटाळायची, त्यांना मावशी हाकलत नसत. कांदा चिरता चिरता एखाद्याला म्हणायच्या, काय लिहिलं रे आज, वाच बरं. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मुलाला वाचून दाखवावंच लागे. आणि वाचता वाचता मूल थांबलं की त्यांचा एकच प्रश्न यायचा, 'मंग? मंग काय व्हयनं?'

एका दुपारी मी खोलीच्या मागच्या खिडकीशी हजेरी भरत होतो. शेडमध्ये तो मुलगा वही उघडून मावशींना वाचून दाखवत होता. आवाज माझ्यापर्यंत येत होता. आई सुरतहून निघते, अमळनेर स्टेशनवर उतरते, हा फलाटाच्या टोकाशी उभा राहतो, कारण शेवटचा डबा तिथे येतो आणि आई नेहमी शेवटच्या डब्यात असते. तिच्या पिशवीत साडीच्या कारखान्यातल्या चिंध्या असतात, त्यांची आजी गोधडी शिवते. जाताना आई त्याला झोपेतून उठवत नाही. एकदा तो जागाच होता, पण त्याने डोळे मिटून घेतले. 'मंग काय व्हयनं?' मावशींनी विचारलं. चिरायचं थांबलं होतं. त्याने पान उलटलं आणि पुढे वाचायला लागला.

माझी हजेरी तशीच राहिली. असं काही मी त्याच्या वहीत पाहिलं नव्हतं. मी उठून शेडच्या बाजूला गेलो आणि त्याच्या मागे उभा राहिलो. डाव्या पानावर माझे सतरा गोल होते. उजवं पान कोरं होतं. तो कोऱ्या पानावर बोट फिरवत वाचत होता. एक पान संपलं की उलटत होता, पुढचंही कोरंच.

मला पाहून त्याने वही मिटली. मावशी माझ्याकडे बघून काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त त्याच्या ताटलीत खिचडी वाढली.

त्या रात्री मला झोप आली नाही, असं म्हटलं तर ते खरं होणार नाही. झोप आली. पण दुसऱ्या दिवशी वर्गात वह्या गोळा करताना हात अडखळला. मी ठरवलं, आपणही विचारायचं. एकेका मुलाला टेबलाशी बोलावून म्हणू लागलो, 'छान लिहिलं आहेस. मग पुढे काय झालं?' मुलं खाली बघत उभी राहायची. एक मुलगी तर रडली. आठवडाभर हे चाललं. शेवटी न राहवून मी मावशींना विचारलं की तुमच्याशी एवढं बोलतात, माझ्याशी का नाही. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, 'गुरुजी, तुम्हीन आयकतस कोठे, तुम्हीन तपासतस.'

माझ्या हातात लाल पेन होता. विचारतानाही मी तो खाली ठेवलेला नव्हता.

त्यानंतर दर गुरुवारी खिचडी झाल्यावर अर्धा तास आम्ही शाळेतल्या लिंबाखाली बसू लागलो. प्रत्येक मुलाची एक वेगळी वही. तिच्यात मी काही लिहायचं नाही, बरोबरची खूणसुद्धा नाही. मुलांनी मनात येईल ते, येईल त्या बोलीत लिहायचं आणि मावशींना वाचून दाखवायचं. मी मागे बसायचो. पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक अहिराणी माझ्या डोक्यावरून गेली. शब्द कळला नाही की मुलांनाच विचारावं लागे, आणि मला अर्थ सांगताना मुलांना किती आनंद व्हायचा, हे मी तेव्हा पाहिलं. गुरुजींना न येणारं आपल्याला येतं, असा त्यांच्या आयुष्यातला तो पहिलाच प्रसंग असावा.

ऐकणाऱ्याला अक्षर दिसत नाही, म्हणून ऱ्हस्व-दीर्घही दिसत नाही. पण गोष्टीत जिथे भोक असतं, ते ऐकणाऱ्याला लगेच जाणवतं. 'आम्ही जत्रेला गेलो, खूप मजा आली' असं एकाने वाचलं की मावशी विचारायच्या, कसली मजा, काय खाल्लं, कोण हरवलं. मूल सांगायचं आणि सांगता सांगता त्याच्याच लक्षात यायचं की हे लिहायचं राहिलं. पुढच्या गुरुवारी ते लिहिलेलं असायचं. तपशील द्या, प्रसंग उभा करा, असं मी वर्गात कितीदा सांगितलं होतं. त्या सूचनेने एकाही वहीत एक ओळ वाढली नव्हती.

विषय देणंही मी त्यांच्याकडून शिकलो. 'पावसाळा' म्हटलं की फळ्यावरची हिरवी सृष्टी यायची. मावशींनी विचारलं, 'रात्री कोनाकोनाना घरमा गयनं?' त्यावर सतरा जणांनी हात वर केले. पाणी कुठून गळलं, खाली कुठलं भांडं ठेवलं, आवाज कसा येत होता, कोण उठलं, कोण झोपून राहिलं. त्या दिवशी वर्गात लिहून घ्यायला मला वेळ पुरला नाही.

पहिली-दुसरीतल्या मुलांना लिहिता येत नव्हतं, पण तीही लिंबाखाली येऊन बसायची. त्यांचं काय करावं कळेना. एकदा मावशीच म्हणाल्या की तो बोलतोय, तुम्हाला लिहिता येतं, मग लिहा ना. मी मुलाच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले आणि त्याला वाचून दाखवले. एक शब्द मी सवयीने प्रमाण मराठीत लिहिला होता, तो त्याने ओळखला आणि बदलायला लावला. सहा वर्षांच्या मुलाने माझी चूक दाखवली होती आणि ती चूकच होती.

तेव्हा मला बहिणाबाई आठवल्या. त्या याच जळगाव जिल्ह्यातल्या, असोद्याच्या. त्यांची कविता मी चौथीला शिकवत होतो, 'कवयित्रीचा परिचय' फळ्यावर लिहून देत होतो. त्या निरक्षर होत्या, काम करता करता ओव्या रचायच्या, मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी त्या वहीत उतरवून घेतल्या, बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी छापली गेली. हे सगळं मला तोंडपाठ होतं. लेवा गणबोलीतले त्यांचे शब्द पुस्तकात असल्यामुळे मी ते आदराने समजावून देत होतो, आणि त्याच तासाला शेजारच्या अहिराणीतल्या 'दिवाई'भोवती लाल गोल करत होतो. सोपानदेवांनी त्या ओव्या शुद्ध करून घेतल्या असत्या तर आज आपल्याजवळ काय उरलं असतं, हा विचार मला डी.एड.च्या दोन वर्षांत शिवला नव्हता. एका स्वयंपाकाच्या शेडमुळे तो शिवला.

मग थोडं वाचायला लागलो. एका प्रशिक्षणात कुणीतरी 'प्रिय बाई' हे पुस्तक दिलं. इटलीतल्या बार्बियाना या डोंगरी खेड्यातल्या आठ मुलांनी मिळून लिहिलेलं ते पत्र. लोरेन्झो मिलानी या पाद्र्याच्या शाळेतली, सरकारी शाळेने नापास केलेली शेतकऱ्यांची मुलं. मूळ पुस्तक १९६७ चं. एकत्र कसं लिहिलं, तेही त्या मुलांनी सांगितलं आहे. सुचेल तो मुद्दा वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचा, सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या, सारख्या एकत्र करायच्या, गठ्ठ्यांचा क्रम लावायचा आणि मग जास्तीचे शब्द काढत जायचं. आम्ही ते श्रावणात, इथल्या कानबाईच्या सणावर करून पाहिलं. एका बाजूने वापरलेल्या कागदांच्या चिठ्ठ्या केल्या. खोलीच्या फरशीवर चाळीसेक चिठ्ठ्या पडल्या. सुरुवात कुठून करायची यावरून मुलांचं जोरात भांडण झालं. काहींना कानबाईच्या स्थापनेपासून हवी होती, काहींना विसर्जनाच्या मिरवणुकीपासून. एक मुलगी हट्टाला पेटली की रोटाच्या दळणावरून दोन काकूंमध्ये जे भांडण झालं तिथूनच सुरू करायचं. मला ते योग्य वाटत नव्हतं, पण मी गप्प राहिलो. तिचं ऐकलं गेलं. मावशींना वाचून दाखवलं तेव्हा दुसऱ्याच वाक्याला त्यांनी हातातलं काम ठेवलं.

जानी रोदारी या इटालियन बालसाहित्यिकाची एक युक्तीही अशीच ऐकीव मिळाली. एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन शब्द घ्यायचे आणि त्यांच्या मधली गोष्ट शोधायची. त्यांचं यावरचं पुस्तक १९७३ चं आहे. त्यांच्या उदाहरणात कुत्रा आणि कपाट होतं. आमच्याकडे एक शब्द मावशींनी द्यायचा, एक सगळ्यात लहान मुलाने. 'झारा' आणि 'एसटी' या जोडीवर पोरांनी महिनाभर लिहिलं.

हे सगळं सरळ रेषेत झालं असं वाटेल, तसं ते झालं नाही. मी एकदा बक्षीस ठेवलं, सगळ्यात चांगल्या गोष्टीला कंपासपेटी. त्या आठवड्यात चौघांनीच लिहिलं आणि चौघांनीही पाठ्यपुस्तकासारखं लिहिलं. ते लगेच बंद केलं. पण दुसरी चूक मोठी होती. तपासणीला अधिकारी येणार असा निरोप आला. मागच्या वेळी त्यांनी न तपासलेल्या वह्यांबद्दल मला सगळ्यांसमोर झापलं होतं, आणि माझी कायम होण्याची ऑर्डर निघायची होती. आदल्या रात्री खोलीवर बसून मी गुरुवारच्या सगळ्या वह्या लाल शाईने तपासल्या. ज्यात काही लिहिणार नाही असा शब्द दिला होता, त्या वह्या. पहाटे तीन वाजले. त्या मुलाच्याही वहीत मी गोल केले.

तपासणी चांगली झाली. मुलांनी वह्या उघडल्या, पाहिल्या आणि दप्तरात ठेवल्या. कुणी काही म्हणालं नाही. पुढचे चार गुरुवार लिंबाखाली कुणाजवळ वाचण्यासारखं काही नव्हतं.

मावशी मला रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पाचव्या गुरुवारी त्यांनी मुलांना जवळ बसवलं आणि आज गुरुजी सांगतील, असं म्हणाल्या. मी उभा राहिलो. काय बोलावं सुचेना, तेव्हा त्यांनी नेहमीच्याच आवाजात विचारलं, 'काय व्हयनं गुरुजी?' मी मुलांना सांगितलं की मला भीती वाटली होती. कशाची, तेही सांगितलं. 'मंग?' मग मी रात्रभर तुमच्या वह्या तपासल्या. 'मंग?' मग मला स्वतःचीच लाज वाटली. मुलं टक लावून ऐकत होती. त्यानंतर मी नव्या वह्या आणल्या. त्यांना मुलांनी वर्तमानपत्राची कव्हरं घातली आणि पुन्हा लिहायला लागली, सगळी नाही, हळूहळू.

शुद्धलेखनाचं काय, असं मला अजूनही शिक्षक विचारतात. तो प्रश्न बरोबर आहे. आमच्याकडे त्याचं उत्तर भिंतीने दिलं. महिन्यातून एकदा निवडक लिखाण मोठ्या कागदावर उतरवून व्हरांड्यात लावायचं ठरलं. नाव मुलांनीच दिलं, 'खिचडी'. भिंतीवर लागणार, सगळं गाव वाचणार, मोठ्या शाळेतली मुलं वाचणार, म्हटल्यावर मुलं स्वतःहून विचारायला यायची, गुरुजी, पुस्तकात हे कसं लिहितात? मग मी सांगायचो. एका गोष्टीत आजी अहिराणीत बोलायची आणि बाकीची गोष्ट प्रमाण मराठीत असायची. कुठे काय हवं हे मुलंच ठरवत. याच अमळनेरात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते, आणि छात्रालयातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक ते स्वतः लिहून काढायचे. पगाराच्या कामासाठी मी दर महिन्याला अमळनेरला जात होतो, पण मला हे माहीत नव्हतं. भिंतीवर आमचा दुसरा अंक लागला तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, ते सांगितलं. तोवर साने गुरुजी म्हणजे माझ्यासाठी फक्त 'श्यामची आई' होते.

त्या मुलाने आईला पत्र लिहिलं ते पाचवीला जाण्याआधी. तीन पानं, सगळी अहिराणीत. मला दाखवलं नाही, पाकिटावर पत्ता कसा लिहायचा तेवढं विचारलं. श्रावणात कानबाईला सुरतची माणसं गावी येतात, तशी त्याची आई आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेत आली, पदराच्या गाठीतून घडी घातलेलं ते पत्र काढलं आणि मला म्हणाली की तिकडे ज्याने वाचून दाखवलं त्याने घाईघाईत वाचलं, तुम्ही सावकाश वाचा. मी व्हरांड्यात बसून वाचायला लागलो. अहिराणी मला आता समजत होती, पण मोठ्याने वाचायची वेळ पहिल्यांदाच आली. शब्द वाकडेतिकडे पडत होते. शेडमधून मावशी हात पुसत आल्या, खाली बसल्या आणि जिथे माझा उच्चार चुकला तिथे तो शब्द नुसता नीट म्हणून दाखवत गेल्या, मी तो तसा म्हणायचो आणि पुढे जायचो. आई डोळे मिटून ऐकत होती. पत्रात त्याने लिहिलं होतं की त्या रात्री तू निघालीस तेव्हा मी जागा होतो.

२०१२ मध्ये आंतरजिल्हा बदलीने मी सांगलीला आलो. इथल्या मुलांच्या वह्यांत 'लई' येतं, 'न्हाई' येतं. आई आता माझ्याशी पुन्हा पूर्वीसारखी बोलते, मीही बोलतो. निघताना मुलांच्या नऊ वर्षांतल्या गोष्टींपैकी काही एका जाड वहीत उतरवून मी मावशींना दिल्या होत्या. वही भरली नव्हती, मागची तीसेक पानं तशीच राहिली.

२०१९ च्या मे महिन्यात त्यांना भेटायला गेलो. खिचडीचं काम आता त्यांची सून करते. ती वही फडताळात, देवाच्या तसबिरीशेजारी होती, कडांना हळदीचे डाग. दुपारी गल्लीतली पोरं येतात, त्यांच्याकडून मी वाचून घेते, असं मावशींनी सांगितलं. मी म्हटलं, एव्हाना सगळ्या गोष्टी पाठ झाल्या असतील. त्या म्हणाल्या, लिहिलेल्या झाल्या. तेवढ्यात आठ-नऊ वर्षांची एक मुलगी आत आली, वही घेऊन उंबऱ्यात बसली, शेवटाकडचं एक कोरं पान उघडलं आणि त्यावर बोट ठेवून वाचायला लागली.